निगेटिव्हवाल्यांचे खैरनार

रिपोर्ट निगेटिव्ह आला की खैरनारभाऊ त्या माणसावर चिडायचे. पॉझिटिव्हवाल्याशी ते अगदी मऊ बोलत, धीर देत, कुठे खाट मिळेल ते सांगत. पण निगेटिव्हवाला हसत हसत खिडकीशी आला की त्याचं काही खरं नव्हतं. "हसतोस काय? ताप आहे ना अंगात? मग झालंय काय तुला, ते सांग!" आता हे त्या बिचाऱ्याने सांगायचं की लॅबवाल्यांनी?

मी तेव्हा नाशिकरोडच्या एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर होते. दिवसभर नावं टाइप करायची आणि संध्याकाळी फोन करून लोकांना रिपोर्ट सांगायचे. भाऊ आमचे लॅब टेक्निशियन. मूळचे सटाण्याकडचे, पंचावन्नच्या पुढचे, आणि इतके काटकुळे की एका पीपीई किटमध्ये दोन खैरनार सहज मावले असते. किट घातल्यावर आत कोण आहे ते कळायचं नाही, म्हणून सगळे पाठीवर स्केचपेनने नाव लिहीत. भाऊंनी लिहिलं होतं, 'खैरनार. सर्दीचंही विचारा.' साहेबांनी फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी नवा किट आणि पाठीवर पुन्हा तेच.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कोरोना आला म्हणून बाकीच्यांनी राजीनामे दिले काय?" बाकीचे म्हणजे बाकीचे विषाणू. सर्दीचे, फ्लूचे, खोकल्याचे. भाऊ त्यांच्याबद्दल नात्यातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. राइनो हा घरजावई, बारा महिने ठिय्या देऊन बसलेला. इन्फ्लूएंझा म्हणजे पावसाळ्यात येणारा मेहुणा, येतो आणि सगळं घर आडवं करून जातो. डबा खाताना हे ऐकायला लागायचं. आमच्या सिस्टर मग डबा उचलून जिन्यात जाऊन बसत.

त्या उन्हाळ्यात हसण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. सकाळी ज्याचं नाव मी टाइप करायची, त्याच्या नावापुढे चार दिवसांनी 'मृत' लिहायची. शेजारच्या टेबलावरचा आमचा शिपाई असाच गेला. आठवडाभर त्याच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही, मग गर्दी वाढली आणि बसायला लागले. पॉझिटिव्हवाल्यांना निदान रोज फोन जायचा, घरावर कागद चिकटायचा, औषधं पोचायची. निगेटिव्हवाल्याला एका ओळीचा निरोप जायचा आणि विषय संपायचा. खोकला मात्र त्याच्याजवळच राहायचा. कोविडचे दवाखाने म्हणत, तू आमचा नाहीस. बाकीचे म्हणत, खोकतोयस, आत येऊ नकोस. "पॉझिटिव्हवाल्यांना अख्खं सरकार आहे," भाऊ म्हणायचे, "निगेटिव्हवाल्यांना कोण शे?" चिडले की सटाण्याची बोली अशी बाहेर यायची.

एकलहऱ्याच्या एका गृहस्थांनी तर आपला निगेटिव्ह रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला होता. भाऊंनी त्यांची तब्येत विचारायला फोन लावला, तर मागे सनई वाजत होती. गृहस्थ मेहुणीच्या हळदीला गेले होते, तापासकट.

"अहो, ताप अंगात घेऊन मांडवात कशाला गेलात?"

"निगेटिव्ह आहे साहेब मी! दाखवला ना गेटवर. सरकारी कागद आहे!"

पुढच्या आठवड्यात त्यांची सासू तापाने फणफणून आमच्याकडे आली. तीही निगेटिव्ह.

दुसरी लाट ओसरता ओसरता दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं. खोकला-ताप घेऊन आलेल्या पेशंटांमध्ये कोरोनाशिवाय आणखी कोणकोणते विषाणू फिरताहेत ते त्यांना बघायचं होतं. स्वॅब तपासून उरलेले नमुने पाठवा, असं पत्रात होतं. आम्हाला ते वाढीव काम वाटलं. भाऊंना मात्र मुलीला स्थळ आल्यासारखा आनंद झाला. "आता कळेल एकेकाचं नाव," म्हणाले आणि स्वतः बसून प्रत्येक नळीवर नंबर घातले.

श्रावण संपत आला होता. तिसरी लाट लहान मुलांवर येणार अशी आवई उठली होती, त्यामुळे लोक पोरं शिंकली तरी उचलून आणत. जुन्या नाशकातली शाहीन अशीच आली. नवरा मोटार वाइंडिंगचं काम करणारा इम्तियाज, त्याच्या कडेवर तीन वर्षांची झोया आणि शाहीनच्या मांडीवर चार महिन्यांचा अयान. शाहीनला तीन दिवसांपासून सर्दी होती. बाळ कालपासून खोकत होतं. मायलेकांचे दोघांचेही स्वॅब घेतले.

भाऊंनी बाळाचं झबलं वर करून पोटाकडे बघितलं. श्वासागणिक फासळ्यांखाली खड्डा पडत होता. त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आजच लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.' इम्तियाज चिठ्ठी घेऊन दोन ठिकाणी फिरला. दोन्हीकडे सांगितलं, आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. भाऊ रजेवर होते. फोन मी केला. "दोघांचेही निगेटिव्ह आहेत. काळजी करू नका."

शेवटचे ते तीन माणुसकीचे शब्द असतात ना, ते आम्हाला कोणी शिकवलेले नसतात. तोंडाला वळण पडलेलं असतं. माझ्या तोंडालाही पडलं होतं. पलीकडे कोणीतरी "अल्हम्दुलिल्लाह" म्हटल्याचं आणि बायकांचं हसू मला ऐकू आलं. त्या घरात त्या संध्याकाळी शेवया झाल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलेलं औषध चमच्याने पाजून बाळाला निजवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अयान गेला.

मी भाऊंना सांगितलं, तेव्हा वाटलं होतं आता कानउघाडणी होणार. झाली असती तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "तू छापलेलं वाचलंस, वैशाली."

पंधरा दिवसांनी शाहीन एकटी खिडकीशी आली. ओढणी डोळ्यांपर्यंत ओढलेली.

"भाऊ, एवढंच सांगा, त्याला झालं काय होतं? लोग पूछते हैं. मला सांगता येत नाही."

"नमुना पाठवलाय. नाव आलं की मी स्वतः घरी येऊन सांगतो."

"आणि माझं?"

"तुमचं काय?"

"सर्दी आधी मला होती ना. दूध तर मीच पाजत होते." एवढं बोलून ती उत्तराची वाट न बघता गेली.

यादी यायला महिना लागला. भाऊंनी आपल्या वहीतले नंबर जुळवले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा जुळवले. मग कागद माझ्याकडे सरकवला. बाळाच्या नंबरापुढे आरएसव्ही. त्याच्याच खालच्या ओळीत, आईच्या नंबरापुढे, आरएसव्ही.

"मोठ्या माणसाचं नुसतं नाक गळतं याने," भाऊ म्हणाले. "तान्ह्याच्या छातीत जाऊन बसतो." जन्मभर ज्या नावांच्या मागे लागले, त्यातलं एक नाव समोर होतं, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"सांगणार?" मी विचारलं.

"शब्द दिलाय. आणि रिपोर्ट काय माझ्या बापाचा आहे, लपवायला? येतेस बरोबर?"

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. एक खोली, वर माळा. शाहीन खोलीच्या पार टोकाला, भिंतीला टेकून बसलेली, तोंडावर ओढणीची दुहेरी घडी. तिचं ताट-पेला वेगळ्या कोनाड्यात होतं. झोया दारातल्या सासूबाईंजवळ बसून बोटाने जमिनीवर रेघा ओढत होती. आम्ही आलेले बघून ती उठली आणि आईकडे निघाली.

"दूर!" शाहीन ओरडली. "दादी के पास जा!"

पोरगी जागच्या जागी थांबली. रडलीही नाही, तिला सवय झाली असावी. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "लेकराला हात लावत नाही ही. तेव्हापासून. रात्री पोरगी आईच्या नावानं रडते, ही माळ्यावर जाऊन बसते. तुम्ही तरी समजवा साहेब."

भाऊंचा हात शर्टाच्या खिशावर होता. कागद तिथेच होता, मला घडी दिसत होती. ते बराच वेळ झोयाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशावरचा हात काढला आणि जमिनीवर, शाहीनच्या समोर, मांडी घालून बसले.

"यादी आली, ताई. बाळाला आरएसव्ही नावाचा विषाणू होता. कोरोना नव्हता. कोणी विचारलं तर हे नाव सांगा. पावसाळ्यात सगळीकडे असतो, बाजारात, रिक्षात, आमच्या दवाखान्यात सुद्धा."

"आणि माझा?"

"तुमचा निगेटिव्ह," भाऊ म्हणाले. "पूर्ण निगेटिव्ह. काहीच नाही सापडलं. तुमची सर्दी वेगळी, धुळीची."

"नक्की?"

"मी स्वतः जुळवलाय नंबर. दोनदा."

शाहीनने ओढणी खाली घेतली. बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही तिचा चेहरा बघत होतो. ती कोवळी पोर होती, फार तर बावीस-तेवीसची. तिने हात पुढे केला. झोयाने आधी दादीकडे बघून घेतलं, मग भीत भीत गेली आणि एकदम आईच्या मांडीत घुसली. शाहीन त्या पोरीच्या केसांत तोंड खुपसून जे रडली, ते ऐकून गल्लीतल्या बायका दाराशी आल्या. मीही रडले. माझ्या 'काळजी करू नका'साठी रडले, आणखी कशासाठी रडणार.

बाहेर येऊन भाऊंनी स्कूटरला किल्ली लावली, पण स्कूटर सुरू करेनात.

"अठ्ठावीस वर्षं झाली नोकरीला," ते म्हणाले. "खोटा रिपोर्ट आज पहिल्यांदा दिला."

"बरं केलंत, भाऊ."

"बरं कसलं? पुढे तिच्या मांडीवर तान्हं आलं, तर तिला सगळं सांगावं लागेल. सर्दी असली तर कसं जपायचं ते. तेव्हा येईन मी, रिटायर झालो असलो तरी येईन. आज नाही सांगवलं माझ्याच्याने."

त्यांनी हेल्मेट चढवून काच खाली ओढली. मागे बसल्यावर शालिमारच्या सिग्नलपर्यंत मला त्यांची पाठ हलताना दिसत होती.