खुर्चीखाली गेलेले पाय

“चहात दूध नाही, आलं नाही, आणि ग्लास बघ केवढासा, भातुकलीतला,” शकुताई सुनेच्या कानाशी लागून पुटपुटल्या. “बरं, संपवला की लगेच भरतात गं! पोटात नुसता डबडब आवाज येतोय माझ्या.”

“मग ठेवा ना तसाच, आई.”

“भरलेला टाकू? दुसऱ्यांच्या दारात येऊन?”

हिल्सबरोच्या त्या हॉलमध्ये सुरुचीसमोर कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता, लांबलचक टेबलाभोवती ऑकलंडमधली वयस्कर तुर्की मंडळी बसली होती, आणि त्यांच्यापैकी एकाचेही पाय दिसत नव्हते. सगळ्यांनी ते खुर्चीखाली ओढून घेतले होते. चूक सर्वस्वी सुरुचीची होती.

सुरुची मूळची नाशिकची. शिकायला म्हणून ऑकलंडला आली, ती शिकून इथलीच झाली आणि आता एका विद्यापीठात संशोधन सहाय्यक होती. सध्याचा प्रकल्प असा, की तुर्कस्तानातून येऊन इथे स्थायिक झालेल्या वयस्कर माणसांना स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल काय वाटतं, ते मोजायचं. वय नव्हे, वयाबद्दलचं वाटणं. निघताना तिच्या प्राध्यापक बाईंनी बजावलं होतं, “उत्तर देणाऱ्याच्या मनावर तुझा कसलाही प्रभाव पडता कामा नये. तू त्या खोलीत नाहीसच, असं समज.”

पण सुरुचीच्या मनात सकाळपासून घोळत होता तो वेगळाच प्रश्न, आणि तो कुठल्याही कागदावर छापलेला नव्हता.

सासरे गेल्यानंतर शकुताई ऑकलंडच्या टाकानिनी भागात लेकाकडे, मकरंदकडे आल्या, त्या ‘एवढा हिवाळा संपेपर्यंत’. तो हिवाळा संपून चार वर्षं झाली. दर ऑक्टोबरात तिकिटाचा विषय निघायचा आणि दर ऑक्टोबरात काहीतरी आडवं यायचं. कधी नात अबोलीची परीक्षा, कधी गुडघा, कधी नुसताच आंब्याच्या लोणच्याचा मुरायला घातलेला डबा. त्यांची निळी सूटकेस मात्र अजून पलंगाच्या पायथ्याशी उभीच होती. ती गराजमध्ये ठेवायची हिंमत कोणाची नव्हती. यंदा शकुताईंच्या नाशिकच्या घराशेजारच्या जगदीशरावांनी मकरंदला फोनवर विचारलं, की घर बंद राहून वाळवी लागायला आलीय, तुमचं काय ठरलंय?

“तू विचार ना आईला,” मकरंद म्हणाला होता.

“तुझी आई आहे. तू विचार.”

“मी ‘जाणार का’ विचारलं तर तिला वाटेल, घालवतोय. ‘राहा’ म्हटलं तर वाटेल, घर मोडायला सांगतोय.”

“आणि मी विचारलं तर ओवाळतील वाटतं मला?”

सुरुचीला त्यांनी राहायला हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. संध्याकाळी दार उघडलं की फोडणीचा वास यावा, आणि ‘आलीस का गं’ असं कोणीतरी विचारावं, याची तिला इतकी सवय झाली होती, की निळ्या सूटकेसकडे बघायचंही ती टाळायची. आज मोटरवेवर, दोघीच गाडीत असताना, विचारायचंच असं तिने ठरवलं होतं. टाकानिनी ते हिल्सबरो तिने तीनदा घसा साफ केला. शेवटी तोंडातून निघालं ते, “आज ट्रॅफिक हेवी आहे, नाही?”

“आहे खरा,” शकुताई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अशा अवस्थेत दोघी हॉलच्या दारात पोचल्या. समोर हिकमेत बे उभे. ‘बे’ म्हणजे आपल्याकडचं ‘राव’, आणि बाईमाणसाला ‘हानम’. या हिकमेतरावांनी पापाकुरात आयुष्यभर बेकरी चालवली होती. अजूनही त्यांचे हात पावाच्या कणकेसारखे मऊ आणि मजबूत होते. दुभाषाचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. त्यांच्यामागे अर्धवर्तुळात सगळी मंडळी स्वागताला उभी, आणि मधोमध पांढऱ्याशुभ्र केसांच्या एक ताठ बाई.

शकुताईंनी सुनेला कोपर मारलं. “वाक की. वडीलधारी माणसं आहेत.”

आणि सुरुची वाकली. विचार वगैरे काही नाही. नाशिकच्या घरात लहानपणापासून लागलेलं वळण. समोर पांढरे केस दिसले की कंबर आपोआप लवते. तिने त्या ताठ बाईंच्या पायांना हात लावून नमस्कार केला.

तुर्की लोकांकडे पायाला हात लावत नाहीत, पण थोरांच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावतात. त्यामुळे सुरुचीने काय केलं हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. सगळ्यांसमक्ष तिने त्या ताठ बाईंना, म्हणजे पेरिहान हानमना, त्या खोलीतलं सगळ्यात म्हातारं माणूस ठरवलं होतं. आणि पेरिहान हानम होत्या सगळ्यात लहान. फक्त केस रंगवत नव्हत्या.

“बासष्ट!” पेरिहान हानम गरजल्या. पर्समधून ड्रायव्हिंग लायसन्स काढून त्यांनी सुरुचीच्या नाकासमोर धरलं. “मी शाळेची बस चालवते, माहितीय? रोज! बासष्ट!” मग ते लायसन्स त्यांनी टेबलाभोवती फिरवलं. “आता तुम्ही काढा तुमची! नेर्मीन, काढ!”

नेर्मीन हानमनी काढलं नाही. केसांवरून, रंगवलेल्या काळ्याभोर केसांवरून, हात फिरवत त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही पाय आत ओढून घेतले. मग बाकीच्यांनीही ओढले. या पोरीचा काय नेम, कोणाच्या पायावर कोसळेल!

प्रभाव पडता कामा नये म्हणे.

प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न होता वय. तो सगळ्यांनी रिकामा सोडला, लायसन्स दाखवलं तेवढं पुरे म्हणून पेरिहान हानमनीही. दुसरा होता, ‘मनाने तुम्हाला आपण किती वर्षांचे आहोत असं वाटतं?’ हा मात्र सगळ्यांना फार आवडला.

“अठ्ठावीस,” पेरिहान हानम म्हणाल्या.

“पंचवीस,” नेर्मीन हानम.

मग लिलाव उलटा सुरू झाला. बावीस, वीस, एकोणीस. हिकमेत बे अठरावर येऊन थांबले. त्याखाली गेलं तर बेकरीला लायसन्स मिळालं नसतं, असं म्हणाले.

“एकेकट्याने उत्तर द्यायचंय,” सुरुची कळवळून म्हणाली. “एकमेकांना न विचारता.”

हिकमेत बेंनी त्या एका वाक्याचं भलंमोठं भाषण केलं. सगळे हसले. मग प्रत्येक प्रश्नावर टेबलाभोवती चर्चा झाली, बहुमत घेतलं गेलं आणि सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं. गठ्ठ्यातला कुठलाही कागद उचलावा, माणूस तेच. मोजायला काही उरलंच नव्हतं.

तरी सुरुचीला त्यांचा राग येईना. बोलता बोलता त्यांचे हात थांबत नव्हते. नेर्मीन हानमची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, पण द्राक्षाच्या पानात भात भरून ती अशी गुंडाळत होती, की पेन्सिलीसारख्या बारीक वळकट्या ताटात रांगेने उभ्या राहत होत्या. त्यांनी वर्षानुवर्षं रात्रपाळीत ऑफिसं झाडली आणि दिवसा तीन मुलांना वाढवलं, हे सांगतानाही एक वळकटी सैल झाली नाही. शकुताईंनी न राहवून एक पान पुढे ओढलं होतं. अळूवडीवर पोसलेला हात तो. नेर्मीन हानमनी त्यांची वळकटी उचलली, उजेडात धरली आणि मान डोलावली.

“आई, वय तरी कोणीतरी लिहायला हवं हो,” सुरुची हळूच म्हणाली. “नाहीतर हे सगळं फुकट आहे.”

शकुताईंनी हातातलं पान खाली ठेवलं. मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेले आपले पाय त्यांनी खुर्चीबाहेर काढून सगळ्यांना दिसतील असे ऐटीत पसरले. “मी सेव्हंटी-वन,” त्या आपल्या इंग्रजीत म्हणाल्या. “मी बिग. नमस्कार मला. ही बिचारी चुकली.”

पेरिहान हानमनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग बसच्या दारातून उतरावं तशा झोकात उठल्या, शकुताईंचा उजवा हात हातात घेतला, त्याचं चुंबन घेतलं आणि कपाळाला लावला. हॉलभर सुटकेचा एक निःश्वास पसरला. म्हातारं माणूस सापडलं होतं! आणि ते आपल्यातलं नव्हतं! भराभरा रांग लागली. नेर्मीन हानम आल्या, बाकीच्या आल्या. शेवटी काठी टेकत हिकमेत बे आले आणि त्यांनीही धाकट्या भावाच्या नम्रतेने शकुताईंचा हात कपाळाला लावला.

खुर्च्यांखालून पाय बाहेर आले. पेनं चालू लागली. सुरुचीने कागद गोळा केले. वयाचा रकाना सगळ्यांनी भरला होता. बासष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, सदुसष्ट, सत्तर. एकाही माणसाचं वय शकुताईंच्या पुढे गेलं नव्हतं.

“हिकमेत बे,” सुरुची म्हणाली, “परवा फोनवर तुम्ही एकोणऐंशी सांगितलं होतंत.”

“सांगितलं होतं,” ते शांतपणे म्हणाले. “पण आता मी तुझ्या सासूबाईंच्या हाताचं चुंबन घेतलंय. त्यांच्यापेक्षा मोठा कसा होऊ? वाईट दिसेल ते.”

सुरुचीने डोळे मिटून घेतले. प्राध्यापक बाईंना काय सांगायचं, ते सोमवारी बघता येईल. आता एकच प्रश्न उरला होता. ‘तुमच्या मते तुमचं म्हातारपण कधी सुरू होईल?’ हरलेल्या माणसाच्या बेफिकिरीने तिने तो मोठ्यांदा वाचून दाखवला.

यावर चर्चा झाली नाही. मतही घेतलं गेलं नाही. पेरिहान हानम म्हणाल्या, “परत गेल्यावर,” आणि टेबलाभोवती माना हलल्या.

“इझमीरला माझं घर आहे,” हिकमेत बे म्हणाले. “बाल्कनीत अंजिराची फांदी येते. तिथे खुर्ची टाकून बसेन, ते माझं म्हातारपण. इथे आपण कामाला आलो. कामाला आलेला माणूस म्हातारा कसा होईल?”

“कधी जाणार परत?”

“पुढच्या वर्षी,” ते म्हणाले. कोणी हसलं नाही. बेकरी उघडली त्या वर्षापासून ते हेच सांगत असणार, हे सुरुचीच्या ध्यानात आलं. आणि इथे बसलेला प्रत्येकजण. म्हणून तर ही सगळी माणसं अठरा नि वीस वर्षांची होती! म्हातारपण त्यांनी गावाकडच्या कपाटात जपून ठेवलं होतं, आणि कपाट उघडायला कोणी जात नव्हतं.

“आणि तुम्ही, शकु हानम?” पेरिहान हानमनी अगदी सहज विचारलं. “तुम्ही कधी जाणार परत?”

चार वर्षं टाकानिनीतल्या तीन माणसांनी जो प्रश्न गिळला, तो हिल्सबरोत एका बस चालवणाऱ्या बाईने चहा ओतता ओतता विचारून टाकला होता. सुरुचीने टेबलाची कड घट्ट धरली.

शकुताईंचं लक्ष पेरिहान हानमच्या ग्लासाकडे होतं. त्यावर चमचा आडवा ठेवलेला होता, आणि तो ग्लास मघापासून कोणीच भरला नव्हता. त्यांनी चमच्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या.

“पुरे झालं, असा अर्थ,” हिकमेत बे म्हणाले. “चमचा ठेवला की कोणी ओतत नाही.”

“अगं बाई! एवढंच होतं होय?” शकुताई म्हणाल्या. “इतका वेळ कोणी बोललं का नाही?”

त्यांनी आपला चमचा उचलला, पदराने पुसला आणि ग्लासावर आडवा ठेवला. मग सुनेकडे वळल्या.

“काढ एक कोरा कागद. लिही. शकुंतला, वय एकाहत्तर. म्हातारपण इथेच सुरू झालंय, टाकानिनीत. मला परत जायचं नाहीये, सुरुची. आणि मकरंदला सांग, ती निळी सूटकेस पायात येते माझ्या रोज. गराजमध्ये टाक म्हणावं.”