आधी खूण सांगा

ये, अशी जवळ सरक. आणि आधी तो मोबाईल पालथा ठेव बघू. मघापासून बघतेय, कुणी काही पाठवलं की तुझा अंगठा त्याच्यावर पडलाच. दाराची बेल वाजली तरी आपण आधी भोकातून बघतो, कोण आलंय ते. आणि ह्यात मात्र कुणीही यावं नि सरळ आत शिरावं. रागावत नाही गं. पण आमच्या समोरच्या तात्यांचं ऐक, मग तूच ठरव.

तात्यांना फोन लावला की पलीकडून 'हॅलो' येत नाही. आधी नुसता श्वास ऐकू येतो. मग प्रश्न.

"खूण सांगा."

खूण म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात ह्याचा पुरावा. मला एकदा विचारलं, "परवा वाटीतनं काय दिलं हुतं?" म्हटलं, शेंगाची चटणी. "तिकाट का मिळमिळीत?" आता माझी चटणी मिळमिळीत, असं माझ्याच तोंडानं कसं म्हणायचं? पण त्या दिवशी तिखट संपलं होतं, हे खरं. मनावर दगड ठेवून कबूल केलं, तेव्हा म्हणाले, "हां आक्का, बोला आता."

जुळे सोलापुरात आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. तात्या मूळचे वेळापूरच्या बाजूचे. वडिलांची मेंढरं होती. तात्या स्वतः जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टीचं काम करून निवृत्त झाले. पण डोक्यातून मेंढरं काही गेली नाहीत. हॅकर हा शब्द त्यांनी पेपरात वाचला आणि लगेच ओळखला. "लांडगं हाय," म्हणाले. "लांडगं कळपात शिरताना आरडत येत न्हाय. वाऱ्याच्या उलट्या अंगानं येतंय. आणि दोन कळप मिसळल्यावर मेंढरू कशावनं वळखायचं, सांगा की. तोंडावनं? सगळ्यांची तोंडं सारखीच. कानावरच्या खुणंवनं."

बंदोबस्त म्हणशील तर कडक. फोन ज्वारीच्या डब्यात, वर फडकं, वर झाकण. वाजला की आवाज ज्वारीतून येतो, आजारी माणसासारखा. पुढच्या कॅमेऱ्यावर एक मरून टिकली चिकटवलेली. ती पडली की दुसरी. तात्यांकडे टिकल्या कुठून आल्या, हे मी विचारलं नाही. विधुर माणसाला काय काय विचारायचं?

एवढं सगळं करून तात्या पिन मात्र मोठ्यानं म्हणत दाबायचे. गॅलरीत उभं राहून, एकेक आकडा, कवायतीसारखा. आख्ख्या मजल्याला पाठ. मी एकदा हळूच म्हटलं, "तात्या, आम्हाला ऐकू येतं." घाबरले बिचारे. लगेच पिन बदलला. तोही ऐकू आला.

एकदा बँकेतून बोलतोय म्हणून कुणाचा फोन आला. तात्यांनी विचारलं, "आपल्या शाखेच्या दारात झाड कसलं हाय?" पलीकडचा म्हणाला, आजोबा, झाडाचं काय करायचंय. "लिंबाचं हाय," असं त्यालाच सांगून तात्यांनी फोन ठेवला. महिनाभर आम्हाला तो लांडगा पुरला.

पण पोटच्या लेकीलाही तेच. लता पुण्याला असते. दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी परीक्षा देते. लहानपणी ढुशी कुठल्या शेळीनं दिली, शाळेत जाताना चप्पल कुठं तुटली. एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "आप्पा, माझा आवाजसुद्धा ओळखू येत नाही का तुम्हाला?"

"आवाजाचं नाव काढू नगंस," तात्या म्हणाले. "आवाज आता मशिनीवर करत्यात."

मला तेव्हा हसू आलं होतं. तेव्हा.

मग ह्या उन्हाळ्यात एके दिवशी दुपारी माझ्या फोनवर तात्यांकडून लग्नपत्रिका आली. तात्या, जे कुणाला सणाच्या शुभेच्छाही पाठवत नाहीत. मी उघडली नाही, त्यांच्याच धाकानं. तशीच उठले आणि समोरचं दार वाजवलं. "तात्या, लग्न कुणाचं?"

"तुमालाबी आली व्हय," म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

झालं होतं असं. पत्रिका आधी त्यांना आली होती माळशिरसच्या साडूंच्या नंबरावरून. साडूंचाच फोन कुणीतरी फोडला होता, ते पुढं कळलं. मी म्हटलं, "अहो, लेकीला खूण विचारता, मग इथं का नाही विचारली?"

"आवतनाला खूण इचारत्यात का आक्का? आलेली पत्रिका न बघता ठेवली तर साडू म्हणंल, बायकू गेली आन् ह्यानं नातं तोडलं." पुढं म्हणाले, "उघडली तर गणपती न्हाय, नवरा न्हाय, नवरी न्हाय. नुसतं इचारतंय, परवानगी द्या. लग्नाला परवानगी मागत्यात, न्हाय कसं म्हणायचं?"

तीन वेळा मागितली आणि तीन वेळा दिली. आणि मग तात्यांच्या यादीत जेवढी म्हणून माणसं होती, तेवढ्यांना आपोआप आवतन गेलं.

आम्ही दोघं रिक्षा करून कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडं गेलो. माणूस बरा होता. आधी बँकेला फोन लावून खातं थांबवायला लावलं, सिमकार्ड काढलं, फोनचं नेट बंद केलं. म्हणाला, "खात्याला धक्का नाही. पण आत काय काय शिरलंय, सांगता येत नाही. सगळं पुसून फोन कोरा करावा लागेल. आत्ता करून देतो."

तात्यांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला, पंच्यात गुंडाळला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. मी मागून हाका मारतेय, ते थांबेनात.

त्यानंतर तीन दिवस दार उघडलं नाही. पेपर दाराशी पडून. चौथ्या दिवशी माझा धीर सुटला. वाटीत चटणी घेतली आणि दार वाजवलं. आतून बारीक आवाज आला, "खूण सांगा."

"तिखट आहे," मी म्हटलं. "आज भरपूर तिखट आहे. उघडा."

घरात भांडं घासलेलं नव्हतं. फोन ज्वारीच्या डब्यातच, बंद करून ठेवलेला. मी रागानं बोलले, काय असं सोनं आहे त्या फोनमध्ये, पुसू द्या की एकदाचा. तात्यांनी डबा उघडला, फोन काढला, चालू केला. पिन मात्र ह्या वेळी मनातल्या मनात दाबला. आणि फोन माझ्या कानाशी धरला.

"अवो, येताना कढीपत्ता आणा. न्हाय, ऱ्हाऊ द्या, हाय घरात."

इंदूवहिनी. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून नवऱ्याला बोलून निरोप पाठवायच्या. असे एकवीस निरोप होते. कुठं दळण, कुठं गोळी. एकात नुसतंच, "हे बंद कसं करायचं, अवो, हे बंद हुईना," आणि मागं कुकरची शिट्टी.

"येवढंच हाय तिचं," तात्या म्हणाले. "पुसलं तर जाणार. न्हाय पुसलं तर लांडगं आत." मग खाली बघत म्हणाले, "आक्का, समद्यांस्नी खूण इचारतो मी. पर उद्या ह्यो आवाज कुणी उचलला आन् तिच्या आवाजात फोन आला, तर मी खूण इचारणार न्हाय. मागंल ते दिऊन टाकीन."

नजर चुकवायला म्हणून मोरीकडं बघितलं. तिथं आरसा होता. आरशाच्या कडेला मरून टिकल्या, वहिनींनी झोपताना काढून लावलेल्या. तीनच उरल्या होत्या.

मी घरी गेले आणि भजनी मंडळाचा जुना टेपरेकॉर्डर घेऊन आले. त्यात आमच्या मंडळाची कॅसेट होती, माझ्या आवाजातला अभंग असलेली एकुलती एक. म्हटलं, ह्याला वाय-फाय नाही, सिम नाही, लांडगा शिरायचा कुठून? तात्यांनी टेप उलटासुलटा करून बघितला, वायर लावायच्या भोकात सुद्धा डोकावले. मग मान हलवली.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन आणि टेप समोरासमोर ठेवले. पंखा बंद. आम्ही दोन म्हातारी माणसं घामानं निथळत, श्वास धरून उभी. एकवीस निरोप एकामागून एक कॅसेटवर गेले. शेवटचा होता, "कुटं हाय तुमी? भाकरी गार व्हाया लागली." आणि तात्यांच्या तोंडातून निघून गेलं, "आलो, आलो."

तेही टेप झालं. मी पुसायचं का म्हणून विचारलं. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की."

दुसऱ्या दिवशी फोन कोरा करून आणला. कॅसेट आता ज्वारीच्या डब्यात असते आणि टेप माझ्याकडं, म्हणून तात्या रोज चार वाजता कॅसेट घेऊन चहाला येतात. वहिनींचं संपलं की पुढं माझ्या अभंगाची अर्धी ओळ उरलीय, तीही ते मुकाट्यानं ऐकून घेतात. पण एखाद्या दिवशी चार वाजून गेले आणि समोरचं दार वाजलं नाही, की माझा जीव थाऱ्यावर नसतो.

म्हणून म्हणते, आता सोलापूरला माझ्याकडं लवकर ये. लताला सुट्टी मिळत नाही, आणि तात्यांना माझी चटणी सोडून दुसरं माणूस दिसत नाही. चारच्या सुमाराला ये, तेव्हा तात्या माझ्याकडंच असतात. फोन करत बसू नकोस, सरळ दार वाजव. आतून खूण विचारतील. 'कढीपत्ता' म्हण. आणि येताना खरंच थोडा घेऊन ये.