काचेवरचा कावळा

दत्तोबांचा पिंड ठेवून दोन तास झाले, तरी मुशी नदीच्या काठी एक कावळा फिरकेना. गुरुजी घड्याळाकडे बघत होते, नातेवाईक गुरुजींकडे, आणि दत्तोबांचा मुलगा रितेश भादरलेलं डोकं तापवत आभाळाकडे. आज दहावा. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी घास घ्यायचा नाही, आणि तिकडे चिक्कडपल्लीच्या घरी त्याची माय सकाळपासून उपाशी. त्यात तिला साखरेचा आजार.

"दर्भाचा कावळा करू," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात सोय आहे."

रितेशने मायला फोन लावला. "गवताचा कावळा?" ती कडाडली. "तुझा बाप पापड भाजला नाही तर पाटावर बसत नव्हता. गवतावर भागवतील होय?"

आता कावळे कुठे असतात, हे रितेशइतकं अख्ख्या हैदराबादेत कुणाला ठाऊक! तारनाक्याला त्याच्या संस्थेच्या गच्चीवर ऊन मोजायचं वीतभर उंचीचं यंत्र होतं. वर काचेची पालथी वाटी, आत काळी चकती. काचेवर शीट पडली की ऊन कमी भरतं, आणि मेल्या कावळ्यांना शहरभर बसायला नेमकी तीच जागा सापडे. बारा वर्षं रितेश रोज ती काच मऊ फडक्याने पुसत होता आणि काठी घेऊन कावळ्यांमागे धावत होता. पिंडाची पत्रावळ मांडीवर घेऊन तो रिक्षाने तडक तिथे गेला.

यंत्राच्या पायथ्याशी त्याने पत्रावळ ठेवली. टाकीवर अकरा कावळे होते. एकही हलेना.

"बाबा, मायला अंतर देणार नाही," त्याने हात जोडले. कावळे आणखी लांब सरकले. "तुमच्या लेकीचं, त्रिवेणीचं लग्न थाटात करतो." दोन उडूनच गेले.

त्याच्याबरोबर काम करणारा अप्पाराव हळहळला. "भाई, ये कव्वे तुमको पहचानते. बारा साल डंडा लेके पीछे पडे ना! मुंडी मुंडाए तो भी पहचान लिए. तुम छुपो."

काय नशीब बघा! कावळे ज्याच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत असा गावात एकच माणूस, आणि पिंड त्याच्याच बापाचा. रितेश मुकाट्याने जिन्याच्या आडोशाला जाऊन बसला.

पाच मिनिटांत एक कावळा आला. काचेवर बसला. मान वाकडी करून पत्रावळीकडे बघितलं आणि खाली झुकला. चोच भातापर्यंत पोचली. पण चोच खाली गेली तशी शेपूट वर झाली, अगदी काचेवर, आणि ती शेपूट वर झाली की पुढे काय होतं हे रितेशला बारा वर्षं पाठ होतं.

"हाऽड!"

कावळा उडाला. त्याच्यामागे उरलेलेही उडाले, थेट रेल्वेलाइनपलीकडे. काच लख्ख राहिली. पत्रावळही जशीच्या तशी.

रितेश पत्रावळीपाशी येऊन ओक्साबोक्शी रडू लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"शिवला का रे?"

शिवला म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? पण त्या यंत्राचा खोटा आकडा त्याने कधी लिहिला नव्हता, आणि आता जीभच वळेना. "शिवतच होता, माय. मीच हाकलला."



"म्हणजे ताटावरून उठवलंस त्यांना?"

"हो."

"चाळीस वर्षं मला उठवलं त्यांनी. माझा पहिला घास तोंडाशी गेला की पाणी आण, मीठ आण, चुन्याची डबी आण." भांड्यांचा आवाज आला. "कळू दे एक दिवस. मी बसले रे जेवायला. तू आलास की तुझं तू वाढून घे, मी उठायची नाही."