तात्याच्या वॅगनला शेंदूर

"ट्रकात? माझी भाची वऱ्हाडाच्या ट्रकात हिंदकळत सासरी जायाची? अगं कडू, मामा मेलाय व्हय तिचा?"

सूर्यभानतात्या असा गरजला, की दारातल्या शेरडीनं तोंडातला पाला खाली टाकला!

साल एकाहत्तर, वैशाखाचं ऊन. तात्याच्या बहिणीची, कडूबाईची, लेक छबू हिचं लगीन. नवरी पाथर्डीकडची, नवरदेव श्रीरामपूरकडचा, अन् लगीन नवऱ्याच्या दारात, गोरज मुहूर्तावर. व्याही लई कडक मानूस. त्यानं आधीच बजावलं हुतं, "मुहूर्त टळला, की आंतरपाट गुंडाळून ठिवीन!"

"ट्रक उशीर करंल. माझी वॅगन उन्हं कलायच्या आत दारात उभी करतो," तात्या म्हनला. "न्हाई पोचलो तर सूर्यभान नाव लावनार न्हाई!"

"नाव काय लावायचं ते मागनं ठरवू, दादा," कडूबाई म्हनली. "आधी ती म्हातारी चालू तर व्हऊ दे."

वॅगन कुन्या संस्थानिकाची. विलायती, गोठ्याएवढी! आत मखमलीच्या गाद्या, खिडक्यांना पडदे, मागं बाटल्या ठेवायला खास खण. त्या खणात तात्या तंबाखू ठेवायचा. गाडी धन्यापेक्षा म्हातारी झाली, तवा तात्यानं लिलावात उचलली. इंजिन दमेकऱ्यावानी खोकायचं. तात्या म्हनायचा, "खोकत न्हाई ती, राजघरान्यातली हाय. घसा साफ करून बोलती!"

एकच गोष्ट तात्याला सलायची. पेट्रोलच्या टाकीच्या झाकनाला सुईएवढं भोक हुतं! "फसवलं रं मला! आपल्या घरात तुपाच्या गाडग्याला फडकं बांधत्यात, अन् ह्यो विलायती शहाना पेट्रोलला भोकाचं झाकन लावतोय! समदं उडून जायचं की उन्हात!"

बन्सी डायवर म्हनला, "तात्या, कशापायी तरी ठिवलं आसंल की ते भोक."

"माझा खिसा मोकळा करायला!"

झाकन हुतं गोल, गाडीच्या कुशीला, मारुतीच्या तोंडावानी. तात्यानं शनिवार बघून त्याला तेल-शेंदराचा जाडजूड लेप दिला. भोकही बुजलं, देवही बसला! एका शेंदरात दोन कामं झाली म्हनून आठवडाभर गाडी दारात उभी, अन् तात्या मिशीत हसत हुता.

तर निघाली वॅगन! मागं छबू अन् कडूबाई, मधी व्याह्याला द्यायच्या नारळांची पाटी. करंजीच्या घाटात तर वॅगननं वऱ्हाडाच्या ट्रकालाच मागं टाकलं! तात्या खिडकीतनं अर्धा बाहेर. "या सावकाश! आमी जेवून झोपतो तवर!"

घाट उतरला अन् वॅगन म्हनली, खुर्र... खुर्र... फट! उभी!

बन्सीनं बॉनेट उघडलं, नळीला तोंड लावून फुंकलं, तोंडभर पेट्रोल घेऊन थुंकला. काही न्हाई. तात्यानं पेट्रोल बघायला झाकन फिरवलं. आतनं फुस्स!

"अगं बाई! नाग हाय का काय आत?" कडूबाई पाय वर घेऊन बसली.

काडी घातली, पेट्रोल भरपूर. झाकन लावलं. तात्यानं पाटीतला एक नारळ चाकाम्होरं फोडला, झाकनाला शेंदराचं आनिक एक बोट लावलं. "चल गं राजाबाई!" बन्सीनं किल्ली फिरवली, वॅगन फुरफुरली अन् पळाली!

"बघितलं? नारळाचा गुन!"

नगर सोडलं, परत फट! परत झाकन, फुस्स, काडी, नारळ, शेंदूर. परत चालू! मंडळी, मग तर पायंडाच पडला. राहुरीपत्तर व्याह्याची पाटी रिकामी, गाडीत खोबरंच खोबरं, अन् झाकनावर शेंदूर बोटभर! एवढ्यात वऱ्हाडाचा ट्रक शेजारनं धडधडत गेला. वरनं कोनतरी वरडलं, "तात्या, जेवून झोपलाव का?"

राहुरीच्या म्होरं वॅगन बसली ती बसलीच. "आता पेट्रोल बघू नगा, भरपूर हाय," बन्सी म्हनला. नुसता शेंदूर लावला. किल्ली फिरवली. खुर्रसुदीक न्हाई! उन्हं कलली. छबूच्या डोळ्यांत पानी.

"मामा, माझ्या ओटीतला नारळ घ्या."

"खबरदार!" कडूबाई कडाडली. "ओटीचा नारळ फोडतूस? भाचीचं लगीन मोडून गाडीचं लावतूस का, दादा?"

 तात्याला वाटलं, मुहूर्त गेला, व्याही गेला, ह्या पोरीला मी वाटंवर बसवली!

इतक्यात बांधावरनं गोजरबाई नावाची म्हातारी शेळ्या घेऊन आली. शेंदराचा गोळा बघून तिनं पदर घेतला, हात जोडले. "कंचा देव म्हनायचा ह्यो? शेळीला दिष्ट लागलीया, जरा अंगारा घेते," म्हनत तिनं मधोमध नख घातलं अन् शेंदराची खपलीच उपटली.

फुस्स्स्स!

"द्येव बोलला!" म्हातारी आडवी पडली. शेळ्या पांगल्या. बन्सीनं घाबरून किल्ली फिरवली, अन् वॅगन खडाखडा बोलाय लागली!

तात्या झाकनाकडं बघतच ऱ्हायला. खपलीखाली सुईएवढं भोक! म्हंजे टाकी ह्याच नाकानं श्वास घेती, अन् आपन दर चार कोसाला तिचं नाक दाबत आलो!

"दादा, झालं काय?"

"काय न्हाई," तात्या घसा साफ करून म्हनला. "देवाला शेंदूर नगं झालाय. आता कुनी बोट लावायचं न्हाई!"

वॅगन अशी सुटली, की मंगलाष्टकाला भट उभा ऱ्हायला अन् नवरी मांडवात! मामा मागं, भाची म्होरं, तिच्याम्होरं आंतरपाट. छबू हळूच म्हनली, "मामा, आनलंत की वेळंवर!" तात्यानं मिशीला पीळ दिला.

अन् तेवढ्यात त्याची नजर मांडवाबाहेर गेली. गोजरबाईची गोष्ट बन्सीनं गावभर केली हुती! व्याह्याकडच्या बाया वॅगनीभवती रांगेनं, अन् हातात शेंदराच्या वाट्या! तात्यानं एक पाय उचलला. पर मामानं मांडव सोडायचा नसतो. "शुभमंगल सावधान!" भट वरडला. बाहेर थपकन शेंदराचा थर बसला. परत "सावधान!" परत थर!

अक्षता पडल्या, तात्या पळत गेला. कडक व्याही स्वता गाडीम्होरं हात जोडून बसलेला, भोवती टाळकरी. नख लावायची सोय न्हाई!

कडूबाई लाजत म्हनली, "दादा, तुझ्या गाडीला म्हातारी म्हनले मी, चुकलं माझं. म्हनून मीबी लावला. चांगला तळहाताएवढा जाड!"

तात्यानं बन्सीला बाजूला घेतलं. हळूच इचारलं,

"सकाळची पहिली येष्टी कवाशी हाय रं?"