मास्तरांचा दोरा

माझ्या हातून गेलेल्या कोटावर एक लोंबता दोरा दाखवा, आयुष्यभर फुकट कपडे शिवून देईन! अशी पैज मी बावीस वर्षांपूर्वी भेटेल त्याच्याशी लावायचो. तेव्हा मी एका नावाजलेल्या टेलरिंगच्या दुकानात काज-बटणाला होतो. लग्नाला तीन महिने झाले होते, नोकरीला तीन आठवडे, आणि दोन्हीकडे माझ्यावाचून पान हलत नाही अशी माझी खात्री होती.

दुकानाचे मालक म्हणजे मास्तर. वय अठ्ठ्याहत्तर, हात थरथरणारे, चष्मा जाड. मशीनवर बसणं कधीच सुटलं होतं. पण गिऱ्हाइकाला आरशापुढे उभं करून कोटावर शेवटची नजर टाकायचा मान त्यांचाच. छोटी कात्री घेऊन ते गिऱ्हाइकाभोवती फिरत, मध्येच "थांबा!" म्हणत, कुठलातरी लोंबता दोरा कचकन कापत आणि म्हणत, "आता झाला कोट!" गिऱ्हाईक खूश, मास्तर त्याहून खूश.

मला मात्र शरम वाटायची. मशीनवरच्या मावशी प्रत्येक कोट तपासून रॅकला लावायच्या, तरी एक दोरा राहायचाच! भिंतीवर नियमांची पाटी होती: चपला बाहेर, चहा मशीनपासून लांब, कापडाच्या कात्रीने कागद कापू नये. दोऱ्याबद्दल अवाक्षर नाही. म्हटलं, आता हे आपणच मनावर घ्यायला हवं. एका सकाळी मी तासभर आधीच निघालो.

"एवढ्या लवकर कुठे?" बायकोने विचारलं.

"आज मास्तर मला हेड कारागीर करणार!"

"ते म्हणाले तसं?"

"त्यांना अजून माहीत नाही!"

मावशी येण्याआधी मी रॅकवरच्या सतराच्या सतरा कोटांचे दोरे साफ केले आणि गुपचूप काज करत बसलो.

दहा वाजता दाताचे डॉक्टर आले. अकरा वाजता त्यांचा सत्कार होता, म्हणून घाईत. मास्तरांनी त्यांना कोट चढवला, कात्री घेतली आणि फेरी सुरू केली. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला मावशींचं मशीन थांबलं.

"काही बिघडलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हलू नका!" मास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पाचव्या फेरीला ते एकदम ओरडले, "थांबा! सापडला!"

सापडणार कुठून? मी तर एकही ठेवला नव्हता! ती खांद्याची शिवण होती. मास्तरांनी ती कचकन कापली आणि वर टोक धरून ओढलं. "आता झाला कोट!"

डॉक्टरांनी घड्याळ बघायला हात वर केला आणि बाही सरळ कोपरापर्यंत उतरली!

"मास्तर, हा कसला दोरा?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड कधी वेळेवर बंद झालंय? "डॉक्टर, मास्तरांची काही चूक नाही! रोज दोरा असतोच, तो नेमका आजच नव्हता! मीच सगळे सकाळी कापले!"

"म्हणजे... रोज असतोच?" डॉक्टर म्हणाले आणि मास्तरांकडे बघू लागले.

मास्तर खाली बघत होते. माझी दातखीळ बसली, समोर दातांचे डॉक्टर असून उपयोग नव्हता.

मी सुई घेतली आणि डॉक्टरांच्या अंगावरच नऊ मिनिटांत बाही जोडली. ते गेले. जाण्याआधी मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर वाकून तो टाका अगदी जवळून बघितला होता. म्हणाले, "काम फार सुरेख आहे तुझं. उद्यापासून येऊ नकोस."

मावशी माझा डबा घेऊन दारापर्यंत आल्या. "अरे शहाण्या, तो दोरा मी मुद्दाम ठेवते! सगळं हातातून गेलं त्यांच्या. एवढं एक कापणं राहिलंय."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगायची गोष्ट असती तर पाटीवर लिहिली नसती?"

घरी गेलो. "झालात हेड कारागीर?" बायकोने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली, मग डोळे पुसले, आणि माहेरून आणलेलं शिलाई मशीन ओढून खिडकीशी लावलं. एका शब्दाने बोलली नाही. त्या दिवशी ती बोलली असती तर मी कोलमडलो असतो. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आठ दिवस त्या मशीनकडे गिऱ्हाईक सोडा, माशीही फिरकली नाही. नवव्या दिवशी दारात दाताचे डॉक्टर! हातात नवं कापड.

"मास्तरांनी पत्ता दिला. म्हणाले, बाही टिकायला हवी तर त्याच्याकडे जा. आणि एक निरोप आहे. एक दोरा ठेवत जा म्हणाले."

म्हणजे मास्तरांना सगळं ठाऊक होतं! मावशी रोज ठेवत होत्या, मास्तर रोज शोधत होते, आणि मी मध्ये कात्री घेऊन घुसलो होतो. मला रडू आवरेना. डॉक्टरांना वाटलं, दाढ दुखतेय. त्यांनी मला तोंड उघडायला लावलं.

मास्तरांनी मला काढलं नसतं तर आज हे आमचं दुकान नसतं. रोज सकाळी कुलूप उघडताना मी त्यांचे मनातल्या मनात आभार मानतो.

आता मलाही जाड चष्मा लागलाय. शिवण बायको बघते, मी गिऱ्हाइकाभोवती कात्री घेऊन फिरतो. प्रत्येक कोटाला एक दोरा सापडतोच. कोण ठेवतं ते मी विचारत नाही.

परवा मात्र सापडेना. तीन फेऱ्या झाल्या. घाम फुटला. गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं. तेवढ्यात आतून बायको खड्या आवाजात ओरडली, "अहो, डावी बाही! डावी!"

अलिखित नियम मोडला म्हणून मी तिला तिथल्या तिथे कामावरून काढणार होतो. पण दुकान तिच्या नावावर आहे.