मोरीतला हेर

त्या रविवारी दुपारी तोतारामभाऊंनी रोजची झोप सोडून टीव्हीवरचा जुना इंग्रजी सिनेमा बघायचं ठरवलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

भाऊ पारोळ्याला एका कचेरीत कारकून. सिनेमा लढाईच्या काळातला. शत्रूचे हेर अगदी साध्या गल्लीत, सभ्य माणसांसारखे राहायचे, आणि एका बिचाऱ्या घड्याळजीला तर ते स्वतःच्याच घरात सापडले. (भाऊंचं इंग्रजी सरकारी अर्जापुरतं. बाकीचा सिनेमा त्यांना चेहऱ्यांवरून समजला.)

"शत्रू घरातच असतो, समजलं?" त्यांनी बायकोला बजावलं.

बेबाबाई तांदूळ निवडत होत्या. "मंग त्यानासाठे बी चहा ठेवू का?"

सोमवारी भाऊ दळण घ्यायला गेले, तर गिरणीवाला वना हळूच म्हणाला, "भाऊ, कोणी काळ्या चष्म्याचा म्हातारा तुमची चौकशी करत होता. पितात का, रागीट आहेत का, घरी किती वाजता येतात..."

भाऊंनी भरला डबा छातीशी कवटाळला. नाकाला लागलेलं पीठ तसंच घेऊन ते घरी आले, तर स्वयंपाकघरात बायको लेकीशी, सुगंधाशी, कुजबुजत होती.

"गुरुवारे येतीन. निळी साडी काढी ठेव. अन् तुना बापले सांगू नको, बठ्ठा गावमा डांगोरा पिटतीन!"

निळी साडी! म्हणजे खूण! तीन रात्री भाऊंना झोप नाही. बायकोला पोलिसात द्यायचं म्हणजे जिवावर येत होतं. (भरीत तिच्यासारखं कोणालाच जमत नसे.) शेवटी त्यांनी ठरवलं, आधी म्हाताऱ्याला पकडायचं, बायकोला माफीचा साक्षीदार करायचं.

गुरुवारी भाऊ अर्धी रजा टाकून अचानक घरी आले. बेबाबाई पेढे आणायला गेलेल्या, सुगंधा शेजारी वेणी घालून घ्यायला. एवढ्यात दारात काळा चष्मा उभा राहिला.

"रामराम! जरा हातपाय धुतो."

"या ना, या," म्हणत भाऊंनी मोरी दाखवली. म्हातारा आत गेला आणि भाऊंनी बाहेरून कडी घातली.

"बोल! कोणासाठी काम करतोस?"

आतून घाबरा आवाज आला, "भाच्यासाठी!"

"भाचा कुठे असतो?"

"नाशिककडे! विमानाच्या कारखान्यात!"

भाऊंनी कडी आणखी घट्ट दाबली. विमानं! "इथून काय न्यायचंय?"

"फोटो! एक फोटो द्या, बस! मी चोर नही शे हो!"

फोटो म्हटल्यावर मात्र भाऊंनी अंगणात धाव घेऊन "पकडला! पकडला!" असा गजर केला. समोरचे भिकन हवालदार दाढीला साबण लावलेलेच धावले. मागोमाग अख्खी गल्ली, आणि गल्लीच्या मागे पेढ्यांचा पुडा घेऊन बेबाबाई. हवालदारांनी कडी काढली.

"अगं माय! जीवराम आबा!" बेबाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. "धरणगावहून भाच्यासाठे पोरगी देखाले येल शेत! तुमले काही समजस का नही?"

आबा ओलेचिंब बाहेर आले. अंधारात चाचपडताना नळ फिरला होता, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा घंगाळात पडला होता. दारात निळ्या साडीतली सुगंधा उभी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे भाऊंना आपण काय केलं ते कळलं. पोरीचं चांगलं स्थळ त्यांनी मोरीत कोंडलं होतं!

त्यांनी हात जोडले. सुगंधानेच पुढे होऊन आबांना टॉवेल दिला, कोरडं धोतर दिलं, आलं घालून चहा केला, आणि शांतपणे म्हणाली, "आबा, रागवा, पण चहा गार करू नका."

आबा चहा पिऊन, फोटो घेऊन गेले. आठ दिवस भाऊंच्या ताटात भरीत पडलं नाही. नवव्या दिवशी होकाराचं पत्र आलं. भाऊंनी ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले. बेबाबाईंनी कागद ओढून सुगंधाकडे दिला. तिने वाचलं :

"चौकशी पूर्ण झाली. मुलगी पसंत आहे. बुद्धीने ती आईवर गेली आहे, याची मी स्वतः आत राहून खात्री केली."