आठ मिनिटांचा दवाखाना

नगर नियोजन खात्यातल्या कारकुनाने आठवडाभर खुर्चीत बसून सिद्ध केलं, की शहरातल्या कुठल्याही घरातून शाळा, किराणा, दवाखाना पंधरा मिनिटांच्या आत गाठता येतो. नकाशावर पट्टी ठेवायची, रेघ मारायची, मिनिटं काढायची. (पट्टीला खड्डे लागत नाहीत.) एवढ्यावर गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण जेवताना तो फुशारला, "आपल्या घरून सरकारी दवाखाना फक्त आठ मिनिटं."

"आई दर महिन्याला गुडघ्याच्या गोळ्या आणायला चालत जाते," बायको म्हणाली. "तिला विचारलंत?"

"त्यांना अंतर मोजता येतं का?"

"मोजता नाही येत, जावईबापू," सासूबाई ताटावरून नजर न उचलता म्हणाल्या. "मी आपली जाते."

हे त्याला झोंबलं. सकाळी तो गळ्यात घड्याळ अडकवून सायकलवर बसला. काठी टेकत निघालेल्या सासूबाईंना म्हणाला, "व्हा पुढे, गाठतोच तुम्हाला."

नकाशावरची रेघ बंद कारखान्याच्या भिंतीत शिरली. सायकलला ते जमेना. तो वळला, तर रस्ता एकेरी. हवालदाराने परत पाठवलं. पुढे सुंदर रंगवलेला सायकलमार्ग होता, त्यावर सहा मोटारी विश्रांती घेत होत्या. मग उड्डाणपूल. पुलाच्या मध्यावर चेन पडली आणि उतारावर तो स्वतः.

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तो सोललेलं कोपर घेऊन दवाखान्यात पोचला. सासूबाई गोळ्या घेऊन बाकावर बसल्या होत्या.

"तुम्ही कशा आलात?"

"भिंतीला मागून भगदाड आहे ना. सगळी वस्ती तिथूनच येते. आठच्या ठोक्याला निघाले होते. अकरा मिनिटं लागली म्हणे, नर्सबाईंनी घड्याळ बघून सांगितलं."

नर्सने त्याच्या कोपराला आयोडीन लावलं.

दुपारी त्याने आयुष्यात प्रथमच साहेबांपुढे धीर केला. "साहेब, आपले आकडे खोटे आहेत. मला सत्तेचाळीस मिनिटं लागली. भिंत आडवी येते. सासूबाई भगदाडातून गेल्या म्हणून अकरा."

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याला वाटलं, आता तिथे रस्ता होणार.

आठवड्याने अहवाल छापून आला. भगदाडाचं नाव 'पादचारी मार्ग' झालं होतं. खाली बारीक अक्षरांत टीप होती: 'ज्येष्ठ महिलेस अकरा मिनिटे पुरली. सत्तेचाळीस मिनिटांची एक नोंद संबंधिताच्या वैयक्तिक अकार्यक्षमतेमुळे वगळली आहे.'

अहवाल त्यालाच टाईप करावा लागला होता.